नीरेकाठचे मीठ आणि हरभऱ्याचे रोप

दख्खनच्या कालव्यांचा इतिहास आपण उसाच्या बाजूने लिहीत आलो आहोत. दुष्काळ, धरण, पाट, ऊस, गुऱ्हाळ, साखर कारखाना आणि कारखान्यातून निघालेले राजकारण, असा तो चढता क्रम असतो. क्षारपड जमिनीचा उल्लेख त्यात येतो तो बहुधा शेवटी, आणि तोही तक्रारीच्या सुरात: शेतकऱ्याने वारेमाप पाणी दिले, रान चोपण झाले. या मांडणीत दोन गोष्टी धरून चाललेल्या असतात. मीठ उसाच्या अतिरेकातून वर आले ही एक, आणि ते उसाच्याच शेतात पहिल्यांदा ध्यानात येण्याजोगे होते ही दुसरी. पहिली बरीचशी खरी आहे. दुसरी मला पटत नाही, आणि नीरा डाव्या कालव्याच्या इतिहासातला खरा पेच तिथेच आहे असे माझे म्हणणे आहे. ऊस हे मीठ झाकणारे पीक आहे. ते उघडे पाडतात डाळींची पिके: हरभरा, घेवडा, मूग, मटकी. त्यांचे दोन-तीन आठवड्यांचे रोप क्षाराला भल्याभल्या पिकांच्या आधी बळी पडते. ज्या रानात ऊस उभा राहिला त्या रानातून हे रोप आपोआप बाहेर पडले, आणि त्याच्याबरोबर जमिनीचा पहारेकरीही गेला.

नीरेचे खोरे पश्चिमेला भोरच्या डोंगरात पावसाने चिंब असते आणि पूर्वेला बारामती-इंदापूरकडे उतरताना कोरडे होत जाते. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी. कालव्याआधीची शेती या लहरीशी जमवून घेतलेली होती. माळाच्या मुरमाड रानात बाजरी, तिच्या ओळींत तूर, मटकी, हुलगा. नदीकडच्या भारी काळीत रब्बीचा शाळू, करडई आणि हरभरा. हरभरा पेरायचा तो पाऊस संपल्यावर, वाफसा पाहून. नंतर त्याला पाणी द्यायचे नाही. काळीने धरून ठेवलेली ओल आणि थंडीतले दव यांवर तो निघतो. त्याच्या पानांवरचे आंबट दव, म्हणजे आंब, रात्री झाडांवर फडके पसरून गोळा करण्याची जुनी रीत होती. पान चाखले तर खारट-आंबट लागते, म्हणून या झाडाचे खाराशी सख्य असावे असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या थेंबांत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले असतात. मुळांतून आलेला सोडियम बाहेर टाकायला त्यांचा उपयोग नाही. शिवाय डाळीचे पीक जमिनीला पुढच्या पिकासाठी चांगला बेवड देते, हे ज्ञान खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या होते. फेरपालटीत हरभरा होता तो केवळ डाळीसाठी नव्हे.

1876 ते 1878 च्या दुष्काळाने मुंबई सरकारला हलवले. वेळवंडी नदीवर भाटघरला धरण बांधायला घेतले, तिथले पाणी नीरेत सोडून वीरच्या बंधाऱ्यावर अडवले आणि डाव्या तीराने पुरंदर, बारामती, इंदापूरकडे नेले. 1885 च्या सुमारास पाट वाहू लागला. उद्देश दुष्काळ-निवारणाचा होता: ज्वारी-बाजरी वाचावी, माणसे-जनावरे जगावीत. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाण्याचा अर्ज भरत नसे, आणि त्याचे काही चुकत नव्हते. काळ्या रानातल्या शाळूला आणि हरभऱ्याला चांगल्या वर्षी पाटाच्या पाण्याची गरज नसते. मग कालव्याचा खर्च निघेना. दख्खनचे कालवे सुरुवातीपासून तोट्यात, आणि तोटा भरून काढण्याचा जवळचा मार्ग म्हणजे बारा महिने पाणी पिणारे आणि एकरी सर्वांत चढी पाणीपट्टी देणारे पीक. ते पीक आणणारी माणसेही जवळच होती. सासवडचे माळी विहिरीवरच्या बागाईतीत मुरलेले. त्यांनी खाली उतरून खंडाने जमिनी घेतल्या, भारी काळीत ऊस लावला, पेंडीची खते ओतली, गुऱ्हाळे घातली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनंतर पाण्याची मागणी वाढत गेली आणि बारामतीची पेठ गुळाने भरली. या उद्यमशीलतेचे कौतुक व्हायलाच हवे. पुढे माळीनगरचा कारखाना उभा करणारीही हीच मंडळी.

आता जमिनीखाली काय चालले होते ते पाहू. नीरेचे पाणी गोडे आहे. सह्याद्रीच्या पावसाचे पाणी. मीठ पाटातून वाहून आले नाही, ते मातीतच होते. बेसॉल्ट खडक झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतात, आणि कमी पावसाच्या मुलखात ते पुरते धुऊन जात नाहीत. खोल थरांत पसरून राहतात. पाट झिरपतो, चाऱ्या झिरपतात, उसाला दिलेले जादा पाणी झिरपते, आणि भारी काळीतून ते बाजूला लवकर सरकत नाही. वर्षावर्षाला भूजलाची पातळी वर येते. ती पृष्ठभागापासून पाच-सहा फुटांवर आली की माती केशाकर्षणाने पाणी वर ओढू लागते, ऊन ते उडवून नेते आणि मीठ वरच्या बोटभर थरात साचते. आधी पांढरी खपली येते. पुढे सोडियमने चिकणमातीचे कण विस्कटले की रान ओले असता चिखल आणि वाळले असता दगड होते. ते चोपण.

बोटभर थराचा मुद्दा इथे महत्त्वाचा, कारण बी पेरले जाते ते त्याच थरात. जमिनीच्या सरासरी क्षारतेचा आकडा काहीही असो, अंकुराची गाठ पडते ती सर्वांत खारट मातीशी, आणि तीही माती वाळत असताना, म्हणजे मीठ दिवसागणिक दाट होत असताना. हरभऱ्याचे बी अशा मातीतही बऱ्याचदा उगवून येते. शेतकरी उगवण पाहून निर्धास्त होतो. खरा मार नंतर बसतो. एकीकडे मुळाला पाणी ओढणे जड जाते, दुसरीकडे सोडियम आणि क्लोराइड पानांत चढत राहतात. देशी हरभऱ्याची पाने जांभळट पडतात, काबुलीची पिवळी. मग खालून कडा करपू लागतात. पाण्यात वाढवलेल्या हरभऱ्यावरचे प्रयोग सांगतात की सर्वांत नाजूक वाण लिटरमागे दीड ग्रॅम मिठानेही काही आठवड्यांत मरतात. समुद्राच्या पाण्यात याच्या वीसपटीहून जास्त क्षार असतात, यावरून हा कोमलपणा किती ते समजेल. त्यात मुळांवरच्या गाठींची भर. गाठी करणारे जिवाणू स्वतः बऱ्यापैकी चिवट असतात, पण खारट मातीत मुळांचे केस त्यांना नीट आत घेत नाहीत. गाठी कमी पडल्या की नत्राला मुळातच दरिद्री असलेल्या काळीत रोप उपाशी राहते.

उसाचे उलट आहे. त्याचे बेणे म्हणजे जाडजूड कांडी. पहिल्या काही आठवड्यांची शिदोरी तिच्यातच असते. ती सरीत दाबली की लगेच पाणी, मग आंबवणी, मग पाळ्या. प्रत्येक पाळीबरोबर सरीतले मीठ खाली ढकलले जाते किंवा वरंब्याच्या माथ्यावर जाऊन बसते. पाणी वाहते आहे तोवर मुळांभोवतीची माती बऱ्यापैकी गोडी राहते. रान आतून बिघडत असते आणि ऊस हिरवा असतो. तो मलूल दिसू लागला की बागाईतदार पाण्याची पाळी जवळ आणतो, आणि त्या हंगामापुरता तो उपाय लागूही पडतो. ‘हावेपोटी पाणी’ या जुन्या आरोपाला माझे उत्तर हेच आहे. जादा पाणी देणारा माणूस आंधळेपणाने वागत नव्हता, तो समोरच्या पिकाला लागू पडणारा इलाज करत होता. आकारणी पाण्याच्या मापावर नव्हती, पिकावर आणि एकरावर होती, त्यामुळे त्या इलाजाला वेगळे पैसे पडत नव्हते. सरकारलाही उसाचे एकर वाढलेलेच हवे होते. या साखळीत थांबा म्हणणारे कोणी नव्हते. जो हंगाम पाण्याविना जातो तोच जमिनीची चाचणी घेतो, आणि तसा हंगाम म्हणजे हरभऱ्याचा.

सरकारी शास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे पाहिले नाही असे मुळीच नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 मध्ये पुस्तिका लिहिली. मान हे चहाच्या मळ्यांतून आलेले रसायनशास्त्रज्ञ.  भूजल वर येणे आणि निचरा नसणे, हे नीरेचे दुखणे त्या काळीच कळलेले होते. 1916 मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांची पद्धत शेतीच्या गरजांशी जुळवण्यासाठी एक खास विभाग काढला. अभियंते क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली पाणथळ जमिनी आणि निचरा हे त्याचे मोठे काम होते, आणि त्याच रोपट्यातून खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. त्याआधी, शतकाच्या आरंभी, विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत सुचवली होती. शेतकऱ्याला ठराविक क्षेत्राचा ब्लॉक काही वर्षांच्या कराराने द्यायचा, त्याचा एक हिस्सा उसाला, बाकीचा हंगामी पिकांना, आणि ऊस ब्लॉकमध्ये फिरता ठेवायचा. हेतू पाण्याची नासाडी थांबवून लाभ अधिक गावांना पोचवण्याचा. पण तिचा एक परिणाम असाही होता की उसाखालून निघालेल्या रानात दोन-तीन वर्षांनी हरभरा किंवा भुईमूग येणार, आणि त्या रानाची परीक्षा होणार. माझ्या मते त्या योजनेतला सर्वांत मोलाचा भाग हा होता, आणि तो कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. 1932 नंतर पाडेगावला जे संशोधन केंद्र उभे राहिले ते उसाचे. दख्खनच्या कालव्यांखालच्या मातीचे बारकाईने वर्गीकरण झाले तेही उसाच्या गरजेने. मातीला प्रश्न विचारले गेले ते सगळे उसाच्या तोंडून.

याचा अर्थ काय होतो, ते नंतरच्या आकड्यांवरून दिसते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने 1954 च्या आपल्या पुस्तिकेत खारवट जमिनीची सीमा ठरवली: मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला 4 डेसिसीमेन्स. ही सीमा जगभर चालते, आपल्याकडच्या माती परीक्षणातही. त्याच परंपरेतल्या मास आणि हॉफमन यांनी 1977 मध्ये पिकांची सोसण्याची मर्यादा तक्त्यात मांडली. घेवडा 1 पर्यंतच सोसतो आणि पुढे प्रत्येक एककाला 19 टक्के उत्पादन गमावतो. ऊस 1.7 पर्यंत सोसतो, पुढची घट 5.9 टक्के. तक्त्याच्या पुढच्या सुधारित आवृत्त्यांत ज्वारी 6.8 पर्यंत हलत नाही. म्हणजे जमीन 4 वर पोचून कागदावर खारवट ठरते त्या दिवशी ज्वारीचे काही बिघडलेले नसते, उसाचे 14 टक्क्यांच्या आसपास गेलेले असते आणि घेवड्याचे निम्म्याहून अधिक. कोरेगावचा वाघ्या घेवडा पिकवणाऱ्याला हा फरक सांगायला नको. आणि हे आकडे रोप रुजून मार्गी लागल्यानंतरचे आहेत. बोटभर थरातल्या अंकुराची अवस्था त्यात धरलेलीच नाही. उसाची 14 टक्के घट वाण, खत, लागणीचा महिना यांत सहज विरून जाते. गेलेली डाळीची रोपे मात्र शेतात मोकळ्या जागा ठेवून जातात, आणि त्या बांधावरून दिसतात.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप इतिहासाच्या रीतीचाच आहे. डाळी मागे पडल्या त्या पैशामुळे, मिठामुळे नव्हे. गुळाला भाव होता, हरभऱ्याला नव्हता. मग पीक बदलले म्हणून जमीन बिघडली असे अनुमान कसे काढायचे? या सापळ्यात थोर लोकही अडकले आहेत. याकोब्सेन आणि ॲडम्स या अभ्यासकांनी 1958 मध्ये प्राचीन मेसोपोटेमियात गहू हटत जाऊन सातू वाढत गेला त्यावरून जमीन खारावल्याचा निष्कर्ष काढला. गहू मिठाला कच्चा, सातू पक्का. सिद्धांत गाजला, पाठ्यपुस्तकांत गेला. 1980 च्या दशकात मार्विन पॉवेल यांनी त्याचे पुरावे तपासून त्यात बरीच भोके दाखवली. पीकबदलाला बाजार, मजुरी, कर, आवड अशी दहा कारणे असू शकतात. हा धडा मी मान्य करतो, आणि म्हणूनच माझा दावा उलट टोकाचा आहे. नीरेवर हरभरा हटला तो मिठाने, असे मी म्हणत नाही. तो ज्या कारणाने हटला ते मिठाशी असंबद्ध होते, म्हणूनच नुकसान मोठे झाले. पैशाच्या कारणाने पीक बदलणाऱ्याला जमिनीबद्दल शंका येत नाही. हरभरा मिठाने मेला असता तर शेतकऱ्याला दोन-तीन हंगामांत कळले असते; तो नफ्याने हटवला गेल्यामुळे कोणालाच काही कळले नाही. पीकपाहणीची कागदपत्रे इथे मदतीला येत नाहीत, कारण त्यांत पेरलेले क्षेत्र असते, विरळ झालेली रोपे नसतात.

दुसरा आक्षेप वनस्पतिशास्त्राचा. सगळी द्विदल पिके नाजूक कुठे असतात? मास-हॉफमन तक्त्याच्याच पुढच्या आवृत्त्यांत चवळी 4.9 पर्यंत टिकते. जनावरांचा लसूणघास 2 पर्यंत, पण पुढे तो सावकाश घटतो. आणि धैंचा तर चोपण रानात पेरायचाच असतो. आक्षेप बरोबर आहे, पण धैंच्याचे काम नीट पाहावे. तो फुलावर येण्याआधी मातीत गाडतात. कुजताना कार्बन डाय-ऑक्साइड आणि सेंद्रिय आम्ले सुटतात, आपल्या काळीत मुळातच असलेली चुनखडी त्यांत विरघळते, सुटा झालेला कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला हाकलतो. हाकललेला सोडियम मग पाण्याबरोबर खाली आणि बाहेर जायला हवा. बाहेर जायला वाट नसेल तर तो पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. धैंचा मीठ सोसतो म्हणून उपयोगी पडत नाही. तो सोसत असतो तोवर निचऱ्याचा चर सोडियम बाहेर नेतो म्हणून पडतो.

नव्या सोशिक वाणांनाही हाच नियम लागू आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने, जी 1969 मध्ये सुरू झाली, ‘करनाल चना 1’ हा हरभऱ्याचा वाण दिला. तो 6 डेसिसीमेन्सच्या आसपासची क्षारता सोसतो असे सांगतात. हरियाणाच्या खारवट पट्ट्यांत, जिथे भूजलच खारे आहे आणि दुसरा पर्याय नाही, तिथे असा वाण म्हणजे घरात आलेली डाळ. तिला कमी लेखणे शहरी शहाणपण होईल. नीरा-कृष्णेची गोष्ट वेगळी आहे. इथले पाणी गोडे, मीठ माणसाने वर आणलेले आणि निचऱ्याने परत खाली जाणारे. अशा ठिकाणी सोशिक बियाण्याची मागणी होते ती मुख्यतः त्याच्या सोयीमुळे. बियाण्याची पिशवी एकटा माणूस विकत घेतो आणि आपल्या रानात पेरतो. चर मात्र शेजाऱ्याच्या बांधातून, त्याच्या शेजाऱ्याच्या पिकातून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. खालच्या रानाची संमती लागते, वरच्याचे पैसे लागतात आणि दरवर्षी कोणीतरी गाळ काढावा लागतो. इंग्लिस यांच्या काळापासून निचऱ्याचे घोडे अडले ते बहुतांशी इथेच.

सहकारी उपसा योजनांनी कृष्णाकाठ बारमाही झाला तेव्हा वाळवा, पलूस, मिरज आणि शिरोळ तालुक्यांत नीरेचीच गोष्ट जास्त वेगाने घडली. आता तिथे सहकारी साखर कारखान्यांच्या पुढाकाराने गट करून जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले जात आहेत, आणि वर्षानुवर्षे नापेर पडलेली रानेही पुन्हा पिकू लागली आहेत. काम मोठे आहे. त्याचे यश मोजले जाते ते एकरी किती टन ऊस निघाला यावर. ऊस पाइप चालू होताच सुधारतो आणि पाइप बुजू लागल्यावरही काही वर्षे तग धरतो, त्यामुळे या मापाने बिघाड कळायला उशीर होणार. खोडवा निघाल्यावर एक रब्बी त्या रानाच्या कोपऱ्यात हरभरा पेरावा, पाणी देऊ नये, आणि तिसऱ्या आठवड्यात किती रोपे उभी आहेत ते मोजावे. खर्च पायली-दोन पायली बियाण्याचा आहे, आणि कोणता पाइप कुठे तुंबला आहे ते त्या मोकळ्या जागांवरून सांगता येते.